वारली चौक, सौर सर्व्हर आणि परवानगीची चिठ्ठी

‘क्लाउड’ हा शब्द जरा फसवा आहे. आपले फोटो ढगात नसतात. ते कुठल्यातरी इमारतीतल्या संगणकांवर असतात आणि त्या संगणकांना चोवीस तास वीज लागते. नेदरलँड्समध्ये झेवोल्ड इथलं मेटाचं नियोजित डेटा सेंटर याच मुद्द्यावरून वादात सापडलं आणि २०२२ मध्ये बारगळलं.

मग कमी विजेत वेबसाइट चालवता येईल का? ‘लो-टेक मॅगझिन’ने २०१८ मध्ये तसा प्रयोग केला. डिझाइनच्या चमूत रॉटरडॅममध्ये काम करणारे रूल रॉस्कम अबिंग होते. सर्व्हर बार्सिलोनातल्या एका घरात, वीज बाल्कनीतल्या सौर पॅनेलची. फार दिवस ढगाळ हवा राहिली की साइट चक्क बंद!

यातली मुख्य युक्ती चित्रांची आहे. साध्या रंगीत चित्रात प्रत्येक बिंदूसाठी २४ बिट लागतात. दोनच रंग ठेवले तर १ बिट पुरतो. मधल्या छटा ठिपक्यांच्या दाटीवरून भासवायच्या, जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोंसारख्या. याला ‘डिदरिंग’ म्हणतात. यामुळे आणि इतर काटछाटीमुळे पानांचा सरासरी आकार सुमारे पाचपट घटला.

आता वारली चित्र डोळ्यांसमोर आणा. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. म्हणजे मुळातच जवळजवळ दोन रंग! अशा चित्रांचा हलका डिजिटल संग्रह सहज करता येईल. मूळ उच्च दर्जाची प्रत मात्र वेगळी जपायला हवी, कारण डिदरिंगमध्ये गेलेला तपशील परत मिळत नाही.

पण फाइल हलकी झाली म्हणून जबाबदारी हलकी होत नाही. लग्नचौक हे नुसतं नक्षीकाम नाही. तो लग्नाच्या वेळी, परंपरेने सुवासिनी काढतात आणि मधोमध पालघट देवी असते. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नावाला संरक्षण मिळतं, पण कोणतं चित्र कोणी, कधी वापरावं हे त्यातून ठरत नाही.

यावर ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू समाजाबरोबर घडलेला ‘मुकुर्तू’ हा संग्रह उपयोगी उदाहरण आहे. त्यात कोणी काय पाहायचं हे समाजाचे नियम ठरवतात. ‘लोकल कॉन्टेक्स्ट्स’ या उपक्रमाची पारंपरिक ज्ञानाची लेबलंही अशीच आहेत: ‘व्यापारी वापर नको’, ‘ठरावीक ऋतूतच’, ‘फक्त स्त्रियांसाठी’. ही लेबलं म्हणजे कुलूप नव्हे. चित्रासोबत फिरणारी ती परवानगीची चिठ्ठी आहे.

परदेशातल्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या पत्रिकेवर आपण वारली आकृत्या हौसेने छापतो. पुढच्या वेळी तीन प्रश्न विचारून पाहू: हे चित्र कोणाचं? त्यांना विचारलं का? आणि खाली त्यांचं नाव आहे का? यासाठी एक वॅटही जास्त वीज लागत नाही.