खाऱ्या जमिनीतील धान्य

शेतात ओल असूनही पीक तहानेने मरते, हे ऐकून आश्चर्य वाटेल. परंतु जमिनीत मिठाचे प्रमाण वाढले म्हणजे नेमके हेच घडते. मातीतील पाणी मुळांना ओढून घेता येत नाही. शिवाय मिठातील सोडियम मुळांवाटे वर चढून पानांत साठते, पाने करपतात व दाणा भरत नाही.

आपल्या देशात अशी क्षारग्रस्त जमीन सुमारे ६७ लाख हेक्टर आहे. कोकणात खाडीचे बांध फुटून भातखाचरे खारी होतात; तर सांगली-कोल्हापूरकडे पाण्याचा अतिवापर व निचऱ्याचा अभाव यांमुळे काळी रानेसुद्धा क्षारपड झाली आहेत.

अशा जमिनीत तग धरणारे वाण मात्र शेतकऱ्यांनीच पूर्वापार जपले आहेत. राजस्थानातील पाली जिल्ह्याचा ‘खारचिया’ गहू हा त्यांपैकी एक होय. तो मीठ सोसतो. पण उंच वाढून लोळतो, तांबेऱ्याला बळी पडतो व उत्पन्नही कमी देतो. म्हणून १९६९ साली स्थापन झालेल्या कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने ‘खारचिया ६५’चा संकर भरघोस पिकणाऱ्या ‘डब्ल्यूएल ७११’शी केला. संकरातून निघालेली रोपे खाऱ्या जमिनीत वाढवायची, जी जगून दाणे भरतील तीच पुढे न्यायची, असे पिढ्यान्‌पिढ्या करीत जावे लागते. या संकरातून ‘केआरएल १-४’ हा वाण १९९० साली मिळाला. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानेही भाताचे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ व ‘पनवेल-३’ हे वाण दिले आहेत.

ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २०१२ साली जाहीर केलेले संशोधनही असेच आहे. एका पुरातन गव्हातील जनुक त्यांनी साध्या संकराने ड्यूरम गव्हात, म्हणजे आपल्या बन्सी गव्हाच्या जातीत आणले. हे जनुक सोडियमला पानांपर्यंत पोहोचू देत नाही. खाऱ्या शेतात त्यामुळे २५ टक्क्यांपर्यंत अधिक उत्पन्न आले.

अर्थात, वाण मीठ सोसतो, ते जमिनीतून काढून टाकीत नाही. निचऱ्याची सोय करावीच लागते. परंतु ज्याच्या वाट्याला एवढीच खारी जमीन आली आहे, त्याच्या घरात चार पोती धान्य येणे ही लहान गोष्ट नव्हे.

विद्यार्थी मित्रांनी एक लक्षात घ्यावे. जुने गावठी बियाणे हे मुद्दल आहे, नवे वाण हे त्यावरील व्याज. मुद्दलच मोडून खाल्ले, तर व्याज कोठून मिळणार?