ऊन गाळून घ्या!

फुलाचा पांढरा रंग फोटोत जळून जातो, किड्याच्या पाठीवर नुसता चमकता ठिपका उरतो. दोष तुमच्या मोबाइलचा नाही, उन्हाचा आहे. आणि त्यावरचा इलाज घरच्या शिवणाच्या डब्यात सापडेल!

पाऊस ओसरला की कॉलेजच्या मैदानाच्या कडेला, पार्किंगच्या भिंतीलगत एकदांडी फुललेली दिसते. उंच दांडीवर एकच इवलंसं फूल. मध्ये पिवळं, कडेला पांढऱ्या पाकळ्या. तुम्ही वाकता, मोबाइल जवळ नेता, क्लिक करता. आणि स्क्रीनवर काय येतं? पाकळ्यांच्या जागी पांढरा डाग आणि खाली काळीकुट्ट सावली.

मग वाटतं, आपला फोनच भंगार. नवा घ्यायला हवा.

थांबा. लाखभराचा कॅमेरा आणलात तरी दुपारी बाराच्या उन्हात गत हीच होणार. कारण प्रश्न प्रकाश किती आहे हा नाहीच. तो केवढ्या जागेतून येतोय, हा आहे.

सूर्य अवाढव्य, पण आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर लांब. त्यामुळे आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. छोट्या ठिपक्यातून आलेला प्रकाश कडक सावली पाडतो. ढग आले की तोच प्रकाश अख्ख्या आकाशभर पसरतो आणि सावल्या मऊ होतात. डिफ्युझर म्हणजे दुसरं काही नाही, आपल्या फुलापुरता हातात धरलेला ढग!

असा बनवा ढग

भरतकामाची १० इंची रिंग घ्या. तिच्यात अस्तराचं पातळ, पांढरंशुभ्र कापड ताणून बसवा. कापड नसेल तर ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर लावा. फक्त त्याला पिवळट झाक नको, ती फोटोत उतरते. झालं! सगळं मिळून एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा स्वस्त.

आता परीक्षा घ्या. उन्हात स्टीलचा चमचा ठेवा, त्यावर सूर्याचा टोचणारा ठिपका दिसेल. मध्ये रिंग धरा. ठिपक्याच्या जागी रुंद, मऊ उजेड दिसला की पास. मध्यभागी ठिपका तसाच दिसत असेल तर कापडाचा आणखी एक थर द्या.

वापरायचं कसं?

रिंग फुलाच्या जितकी जवळ, तितका प्रकाश मऊ. वीतभर अंतरावर धरलीत तर फुलाच्या दृष्टीने ती सूर्याच्या शंभरपटीहून रुंद असते. तीच हातभर मागे नेली की मऊपणा कमी होतो. फक्त फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

फूल सावलीत आणि मागचं गवत उन्हात असेल, तर मागचं सगळं भगभगीत येतं. म्हणून मागे झाडाची सावली येईल असा कोन शोधा, नाहीतर मित्राला मागे उभं करून त्याची सावली वापरा. खालची बाजू अंधारी वाटली तर पांढऱ्या कागदाचा तुकडा फुलाच्या बुडाशी धरा.

मोबाइल अगदी टेकवू नका, त्याचीच सावली पडते. थोडं मागे येऊन दुप्पट झूम करा. फुलावर टॅप करून फोकस घ्या आणि एक्सपोजर किंचित खाली आणा. फोनचा फ्लॅश बंदच ठेवा.

कॅमेरा असेल तर त्याचा फ्लॅशही असाच मऊ करता येतो. पुठ्ठ्याचा उथळ खोका करा, आत चिप्सच्या पाकिटाची चंदेरी बाजू चिकटवा, तोंडाला ट्रेसिंग पेपर लावा. तो फ्लॅशपुढे असा बसवा, की उजेड लेन्सच्या टोकापाशी खाली उतरेल. मग लेन्सची सावली पडत नाही. सुरुवात एफ/११, १/१६० सेकंद आणि आयएसओ २०० वर करा, पुढे फोटो पाहून बदला.

लाइक्सच्या पलीकडे

हे सगळं फक्त इन्स्टासाठी? तसंही चालेल. पण ढालकिड्याच्या पाठीवरचे ठिपके, कोळ्याच्या डोळ्यांची मांडणी, पाकळीची किनार यावरूनच जीव ओळखला जातो. चमकेत हेच तपशील बुडाले, तर आयनॅचरलिस्टसारख्या अ‍ॅपवर टाकलेल्या फोटोचा उपयोग काय?

आणि बघण्यासारखं फक्त जंगलातच असतं असं नाही. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याची नवी प्रजाती म्हणून २०२१ मध्ये नोंद झाली. २६/११ चे शहीद तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ त्याचं नाव ठेवलं गेलं, आयसियस तुकारामी. नव्या प्रजातीचा निर्णय नुसत्या फोटोवर होत नाही, त्याला सूक्ष्मदर्शक आणि अभ्यासक लागतात. पण आधी कुणीतरी नीट पाहावं लागतं!

एक पथ्य मात्र पाळाच. चांगल्या उजेडासाठी फूल तोडून सावलीत नेऊ नका, किडा डबीत भरून घरी आणू नका. रिंग हळूच पुढे सरकवा. सावली एकदम पडली की फुलपाखरू उडालंच म्हणून समजा. सकाळच्या गारव्यात ती सुस्त असतात, तेव्हा जा. कासच्या पठारावर गेलात तर आखून दिलेली वाट सोडू नका. तिथे एका फुलासाठी गुडघा टेकला तर दहा रोपं चिरडतात.

उजेड फुलापर्यंत न्यायचा, फूल उजेडापर्यंत नाही. रिंग त्याचसाठी तर आहे!