१०.८ सेकंदांचं मोल

मार्च १९५१. नवी दिल्लीतल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी १०० मीटर १०.८ सेकंदांत जिंकली आणि २०० मीटरचं सुवर्णही घेतलं. स्पर्धेत ११च देश होते, पाकिस्तान नव्हता, म्हणून हे यश सोपं होतं, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे: १९५४ साली मनिलातल्या पुढच्या आशियाई स्पर्धेत १०० मीटर जिंकली ती पाकिस्तानच्या अब्दुल खालिक यांनी. पण दिल्लीत जपान होता, आणि त्याच जपानने ४ बाय १०० रिलेत भारताला मागे टाकून सुवर्ण नेलं. म्हणजे वेगवान धावपटूंची वानवा नव्हती. तरीही वैयक्तिक शर्यतीत पिंटोंना कुणी गाठू शकलं नाही. आणि वेळेचं म्हणाल, तर पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकची १०० मीटर १०.४ सेकंदांत जिंकली गेली. तेव्हा सिंथेटिक ट्रॅक नव्हते; खिळ्यांचे बूट ट्रॅकमध्ये रुतत, हातातल्या स्टॉपवॉचवर सेकंदाचा दहावा भाग मोजला जाई.

मुंबईच्याच रोशन मिस्त्री यांनी महिलांच्या १०० मीटरमध्ये रौप्य, तर मेरी डिसोझा यांनी २०० मीटरमध्ये कांस्य मिळवलं, हेही सहसा कुणाला ठाऊक नसतं. क्रीडाशिक्षकांनी ही तीन नावं मुलांना जरूर सांगावीत. आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या १०० मीटरचं सुवर्ण पिंटोंनंतर एकाही भारतीयाला मिळालेलं नाही.