चिंच आधी की नंतर?

सातारा-सांगलीकडे कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली वांगी घरोघरी होतात. ‘चिंच आधी घातली तर वांगी लवकर शिजत नाहीत,’ असे जुन्या बायका सांगतात. हे खरे का? आम्ही करून पाहिले. दोन पातेल्यांत सारख्या आकाराची दोन-दोन वांगी भरून ठेवली. आच सारखी. एकात चिंचेचा कोळ घातला, दुसऱ्यात तेवढेच पाणी. 15 मिनिटांनी काडी टोचली. कोळातली वांगी कडक, पाण्यातली मऊ! पेशींना जोडणारे पेक्टिन शिजताना तुटते. चिंचेतील टार्टारिक आम्लामुळे ते तुटणे मंदावते. मात्र चार वांग्यांवरून नियम सिद्ध होत नाही. तुमच्या वर्गाने घरोघरी प्रयोग करून निष्कर्ष फळ्यावर मांडले तर?