सागरतळीची तार आणि सुरतेचा व्यापार

दूर समुद्रात एखादी तार तुटावी आणि तिची झळ सुरतेच्या महिधरपुऱ्यातील हिरेबाजारास पोहोचावी, ही अतिशयोक्ती नव्हे. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या या शहराचा अँटवर्प, दुबई, न्यूयॉर्क यांच्याशी चालणारा संदेशव्यवहार मुख्यतः सागरतळीच्या तारांवरच विसंबून आहे. गवगवा उपग्रहांचा, भार मात्र तारांवर!

१६०८ साली विल्यम हॉकिन्सचे जहाज सुरतेस आले, त्या काळी विलायतेस धाडलेल्या पत्राचे उत्तर येण्यास वर्ष उलटे. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने एडन-मुंबई तार टाकली आणि महिन्यांचे अंतर तासांवर आले. साम्राज्याने ती स्वतःच्या सोयीसाठी टाकली होती, हे विसरता कामा नये. २०१३ साली आपली तारसेवा बंद झाली. सागरतळीच्या तारांवरील अवलंबन मात्र शतपटीने वाढले.

जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ तारा तुटल्या, तेव्हा भारताचा परदेशी संदेशव्यवहार मोठ्या प्रमाणावर कोलमडला. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तोच प्रसंग ओढवला. संदेश दूरच्या मार्गाने वळवावे लागतात आणि साहजिकच विलंब होतो.

दुरुस्तीचे तंत्र गहन असले तरी अगम्य नाही. तारेतून प्रकाशाचा स्पंद सोडून बिघाडाचे स्थान हुडकतात. गळासारख्या आकड्याने तार वर ओढतात. केसासारखे काचतंतू सांधून ती पुन्हा तळाशी सोडतात. हे काम काही दिवसांचे. खरा काळ जातो तो जहाजाची वाट पाहण्यात आणि परवाने मिळविण्यात. २०२४ साली तांबड्या समुद्रातील दुरुस्ती युद्ध व परवाने यांपायी कित्येक महिने रखडली.

परदेशातील युद्ध आपल्या हाती नाही. पण दुरुस्तीचे जहाज तरी आपले असावे की नाही? २०२३ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने भारतीय ध्वजाच्या अशा जहाजांना उत्तेजन देण्याची शिफारस केली. ती कागदावर राहू नये. तसेच, बहुतेक बिघाड नांगर व मासेमारीच्या जाळ्यांमुळे होतात. तेव्हा कोळी बांधवांना केवळ दंडाचा धाक न दाखवता तारांचे नकाशे त्यांच्या भाषेत द्यावेत. समुद्राचे खरे पहारेकरी तेच आहेत.

विलंबाची भरपाई बडा व्यापारी कशीतरी करून घेतो. दलाल आणि रत्नकलाकार मात्र भरडले जातात. ज्या सुरतेने अठराव्या शतकात लवजी नसरवानजी वाडियांसारखा जहाजबांधणीकार मुंबईस दिला, तिच्या देशाने एका दुरुस्तीजहाजासाठी परक्यांच्या तोंडाकडे पाहावे, हे स्वतंत्र राष्ट्राला शोभणारे नाही.