समुद्रातला खांब आणि आपली माती

गेल्या वर्षी ऐन लावणीच्या दिवसांत शेजारच्या वाडीतली एक मुलगी मोबाइल हातात धरून माझ्या ओटीवर आली. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून तिने स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे. म्हणाली, "काका, हे वाचा. समुद्रातल्या पवनचक्क्यांवर पीएच.डी. करायची आणि वर पगारही देतात म्हणे. खरं असेल का हे, की फसवणूक?"

मागोमाग तिचे वडील आले. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "दादा, महाडच्या एमआयडीसीत नोकरी लागतेय, ती सोडून ही आणखी चार वर्षं शिकायचं म्हणते. आमचं कसं चालायचं?"

मी कुठल्याही विद्यापीठाचा संशोधक नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले. तळीयेच्या या पंचक्रोशीत राहून बरीच वर्षे पाऊस मोजतो, दरडींची टिपणे ठेवतो, आणि अभियंत्यांची पुस्तके मिळतील तशी वाचतो. एकदा ती टिपणे घेऊन एका संस्थेत गेलो होतो. पदवी कोणती, एवढेच विचारून मला परत पाठवले. त्यामुळे या दोघांना तोंडाला येईल ते सांगावेसे वाटेना. पंधरा दिवस मागून घेतले. त्यात जे समजले ते इथे मांडतो.

आधी मुळातला प्रश्न: समुद्रातल्या खांबाचा अभ्यास करायला कोणी पगार का देईल?

जगातला पहिला समुद्री पवनप्रकल्प १९९१ साली डेन्मार्कमध्ये विंडेबी येथे उभा राहिला. ११ पवनचक्क्या, सगळ्या मिळून पाच मेगावॉटही नाहीत. आज समुद्रात उभी राहणारी एकेक पवनचक्की दहा मेगावॉटच्या पुढे गेली आहे. बहुतेक पवनचक्क्या एकाच जाड पोलादी नळीवर उभ्या असतात. तिला मोनोपाइल म्हणतात. ही नळी समुद्रतळाच्या मातीत ठोकून बसवतात. तिचा व्यास आता आठ-दहा मीटरपर्यंत पोचला आहे.

अडचण इथेच आहे. बाजूने रेटा आला की मातीतला खांब किती कलेल, याचे जुने हिशेब तेलविहिरींच्या फलाटांसाठी बसवलेले होते. त्यांचा आधार असलेल्या एका प्रसिद्ध चाचणीतले खांब जेमतेम साठ सेंटिमीटर व्यासाचे होते. बारीक खांब मातीत वाकतो. जाडजूड नळी न वाकता अख्खी कलते. म्हणजे बारीक खांबाचे गणित जाड खांबाला नीट लागू पडत नाही. ऑक्सफर्ड, लंडनचे इंपीरियल कॉलेज आणि डब्लिनचे युनिव्हर्सिटी कॉलेज यांनी वीजकंपन्यांच्या साहाय्याने 'पिसा' नावाचा प्रकल्प हाती घेतला आणि इंग्लंडमधील काउडनच्या चिकणमातीत व फ्रान्समधील डंकर्कच्या वाळूत प्रत्यक्ष खांब ठोकून, ओढून पाहिले. प्रत्येक खांबामागे पोलाद थोडे जरी वाचले, तरी शंभर खांबांच्या प्रकल्पात ती बचत मोठी होते. संशोधक विद्यार्थ्याच्या पगाराचा उगम या हिशेबात आहे. त्यात दानधर्म नाही.

दुसरी अडचण आपल्याला गोठ्यातून समजेल. ओल्या जमिनीत खुंट ठोकला आणि त्याला म्हैस बांधली, तर एका हिसक्याने तो निघत नाही. पण रात्रभर थोडे थोडे हिसके बसले की सकाळी खुंट सैल झालेला असतो. समुद्रातल्या खांबाला दहा सेकंदांना एक लाट धरली, तरी वर्षाला एकतीस लाखांहून अधिक हिसके बसतात. पंचवीस वर्षांत जवळजवळ आठ कोटी. माती सैल झाली की खांबाच्या झुलण्याचा ठेका बदलतो. तो पात्यांच्या फिरण्याच्या ठेक्याशी जुळला, तर झोके वाढत जातात. हे टाळण्यासाठी मातीचे वर्तन आधी कळायला हवे.

मातीचे कण एकमेकांवर रेलून भार पेलतात. कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की कणांची एकमेकांवरची पकड ढिली होते. कार्ल टेर्झागी यांनी हे सूत्र १९२०च्या दशकात मांडले आणि मृदायांत्रिकी त्यावर उभी राहिली. हे वाचताना मी पुस्तक मिटून बाहेर बघत बसलो. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेत डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव यांनी हेच भोगले होते. मुसळधार पावसात डोंगरउताराची माती पाण्याने भरते आणि तिची पकड सुटते, त्यामागे हेच सूत्र आहे. समुद्रतळ आणि आपला डोंगर यांना एकच शास्त्र लागते. मुलीला त्या जाहिरातीने का खेचले, हे मला तेव्हा उमगले. तिने ते बोलून दाखवले नव्हते.

आता पैशाचे. डेन्मार्क, नॉर्वे, नेदरलँड्स या देशांत पीएच.डी. करणारा सहसा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. मुदत तीन ते चार वर्षे. ब्रिटनमध्ये विद्यावेतन मिळते आणि शुल्क भरले जाते. हल विद्यापीठाने डरहॅम, न्यूकॅसल आणि शेफील्ड यांच्यासह २०१९ पासून खास समुद्री पवनऊर्जेचे डॉक्टरेट केंद्र चालवले. मात्र ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क जास्त असते. वरचा फरक कोण भरणार, हे आधी लेखी विचारावे. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी योजनेत आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून अधिक राहिलेल्याला घेत नाहीत. इथून जाणाऱ्याला ही अट सोयीची आहे.

भारताच्या समुद्रात व्यापारी पवनचक्की अजून उभी नाही. धोरण २०१५ मध्ये आले. खंबातच्या आखातात वारा मोजण्याचे यंत्र २०१७ मध्ये बसले. जून २०२४ मध्ये केंद्राने गुजरात व तामिळनाडूतील प्रत्येकी ५०० मेगावॉटसह एकूण ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. महाराष्ट्र त्या यादीत नाही. पण संशोधनाला समुद्रकिनारा दारात लागत नाही. आयआयटी मद्रास आणि खरगपूर येथे सागरी अभियांत्रिकीचे विभाग आहेत, पवईच्या आयआयटीत मृदायांत्रिकी शिकवतात. गेट उत्तीर्ण होऊन अशा ठिकाणी प्रवेश मिळाला, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. पंतप्रधान संशोधन फेलोशिपचा दर ७०,००० पासून सुरू होतो, पण निवड फार कडक. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप आपापल्या समाजघटकांसाठी आहेत. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील, तर एम.टेक.शिवायही पीएच.डी.ला अर्ज करता येतो.

हे आकडे ऐकून वडील थोडा वेळ गप्प राहिले. नोकरीत मिळणार होते त्याहून ३७,००० जास्त होते. तरी त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली: फेलोशिपचे पैसे दरमहा ठरल्या तारखेला येतीलच असे नाही. निदान सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवा.

मुलीला तीन गोष्टी सांगितल्या. पगारी जागेसाठी कोणी नोंदणीचे पैसे मागितले की तिथेच थांबायचे. 'सेल्फ-फंडेड' लिहिलेले असेल, तर खर्च आपलाच. आणि प्राध्यापकांना पत्र लिहिताना 'मला संधी द्या' एवढेच न लिहिता, त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून आपला प्रश्न लिहायचा.

"माझा प्रश्न काय लिहू, काका?"

"बाय, म्हशीचा खुंट लिही."

ती हसली. पण लिहिले तेच: ओल्या चिकणमातीवर थोडे थोडे हिसके बसत राहिले, तर तिची पकड किती हिसक्यांनंतर सुटते. खंबातच्या आखातातही मऊ चिकणमातीचे थर आहेत, हे तिने स्वतः शोधून काढले.

तिने दोन अर्ज परदेशी पाठवले आहेत आणि गेटचा फॉर्म भरला आहे. तोवर एमआयडीसीतली नोकरी धरली आहे. हा तोडगा बापलेकीने मिळून काढला. परदेशातल्या एका प्राध्यापकांनी उलट पत्र पाठवून विचारले की, तुमच्या भागातल्या पावसाच्या नोंदी कुठे मिळतील? रविवारी ती माझ्या वह्या न्यायला येणार आहे. मी त्या वर्षांप्रमाणे लावून ठेवल्या आहेत.