ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांचे संरक्षण

वाळूज येथे १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात वाहनांचे सुटे भाग बनविण्याचा उद्योग वाढीस लागला. वाहनांतील इलेक्ट्रॉनिक भागांची कसोटी घेताना जो धोका गृहीत धरला जातो, त्याची कल्पना लगतच्या गंगापूर-पैठणच्या शिवारात ट्रॅक्टर चालविणाऱ्या शेतकरी बंधूंना असतेच असे नाही.

ट्रॅक्टरवर आता मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवे, जीपीएस यंत्र अशी साधने आली आहेत. परंतु ट्रॅक्टरमधील १२ व्होल्ट हे नावापुरतेच होत. स्टार्टर फिरताना दाब बराच खाली उतरतो. इंजिन चालू असता तो १४ व्होल्टच्या आसपास राहतो.

बॅटरी उतरली म्हणजे शेजाऱ्याची बॅटरी जोडून इंजिन सुरू करावयाचे व ते चालू असतानाच ती काढून घ्यावयाची, ही रीत घातक आहे. अल्टरनेटर त्या वेळी बॅटरीत प्रवाह ओतीत असतो. बॅटरी निघताच त्या प्रवाहाची वाट बंद होते आणि अल्टरनेटरमधील चुंबकत्व तत्काळ ओसरत नसल्याने दाब एकदम चढतो. आयएसओ १६७५० या मानकात, दाब आवरण्याची सोय नसलेल्या अल्टरनेटरसाठी, हा चढ ७९ ते १०१ व्होल्टचा धरला आहे. तो ४० ते ४०० मिलिसेकंद टिकतो. स्वस्त चार्जरमध्ये आढळणारी ३४०६३ क्रमांकाची चिप मात्र ४० व्होल्टच सोसते.

फ्यूज आहे म्हणून निर्धास्त राहू नये. फ्यूज तारेस आगीपासून वाचवितो, व त्यासाठी तो बॅटरीच्या धन टोकालगतच बसवावा. पण तो वितळेपर्यंत चिप जळून गेलेली असते. म्हणून फ्यूजच्या पुढे, धन व ऋण तारांच्या मध्ये, टीव्हीएस डायोड जोडावा. एरवी तो स्वस्थ असतो. दाब मर्यादेबाहेर गेला की प्रवाह ऋण तारेकडे वळवितो. चिमुकला टीव्हीएस या आघातात स्वतःच जळतो, यास्तव वाहनांसाठी बनविलेला मोठाच घ्यावा. २४ व्होल्टला तो जागा होता कामा नये, कारण ट्रकच्या बॅटऱ्या लावून ट्रॅक्टर सुरू करणारेही आहेत! याशिवाय उपकरणाच्या धन तारेत एक साधा डायोड घातला, की तारा उलट जोडल्या गेल्या तरी उपकरण बचावते.

बॅटरीची तार इंजिन बंद करूनच सोडावी. सोडताना ऋण आधी, जोडताना धन आधी. नांगरटीच्या हादऱ्यांनी सैल झालेल्या पकडीमुळेही चालत्या इंजिनावर बॅटरी तुटते, तेव्हा हंगामापूर्वी पकडी घासून घट्ट आवळाव्यात.